भिवराची नऊ नाणी

फार फार पूर्वी, पूल दगडाचे नसत आणि दोराचे असत त्या काळी, दोन डोंगरांच्या मधल्या एका राज्यात एक खोल नदी वाहत होती. राजधानीचा अर्धा भाग नदीच्या अलीकडे होता, अर्धा पलीकडे. दोहोंना जोडणारा झुलता पूल अंबाडीच्या दोरांचा होता, आणि दर सात वर्षांनी तो उतरवून नवा बांधावा लागे. त्यासाठी राजाने नदीकाठी एक दोरखाना उभारला होता. त्याला भिंती नव्हत्या. लांबच लांब छप्पर, खाली चोपलेली जमीन, आणि त्या जमिनीवर दिवसभर मागेपुढे चालणारी माणसे.

त्या दोरखान्यात भिवरा नावाची एक स्त्री दोर वळत असे. दोर वळणे हे एकट्याचे काम नाही. पन्नास पावलांच्या अंतरावर दोघींनी समोरासमोर उभे राहायचे, मधले पेड ताणून धरायचे आणि आपापल्या टोकाने पीळ द्यायचा. दोन्ही टोकांचे पीळ सारखे पडावे लागतात. एकीने दहा जास्त दिले, तर दोर तिच्या बाजूला आखडतो आणि त्याला गाठी पडतात. म्हणून प्रत्येक जोडी पीळ मोजत आणि मोजलेला आकडा दुसऱ्या टोकाला ओरडून सांगत काम करी.

भिवराच्या समोरच्या टोकाला आवडा उभी असे. मागचा पूल बांधायला घेतला तेव्हा दोघी एकाच दिवशी कामाला लागल्या होत्या. सात वर्षांत त्यांनी एकमेकींना लाखो आकडे ऐकवले होते. एकीला ताप आला तर दुसरी तो तिच्या आवाजावरून ओळखी. पण एक आकडा त्यांनी एकमेकींना कधीच सांगितला नव्हता, आणि तो वेतनाचा होता.

याला दोरखान्याची एक रीत कारणीभूत होती. नवा पूल बांधायला घेण्याआधी कारभारी प्रत्येकाला एकेकट्याने पडद्याआड बोलावी. तिथे एक पांढरा पट अंथरलेला असे आणि बाजूला गेरूची वाटी. कारभारी वेतन सांगे, कामकरी तळहात गेरूत बुडवून पटावर ठसा उमटवी, आणि तेच वेतन पुढची सात वर्षे ठरे. ठसा वाळण्याच्या आत कारभारी हलक्या आवाजात म्हणे, की तुझ्यासाठी इतरांपेक्षा थोडे अधिक धरले आहे, उगाच कुणाचे मन दुखवायला नको, तेव्हा हे आपल्यातच राहू दे. तो हे प्रत्येकालाच सांगे. पण पडद्याआड जाणारा प्रत्येक जण एकटा असल्यामुळे हे कुणाला कळण्याचा मार्ग नव्हता. माणसे उपकाराच्या भावनेने बाहेर येत आणि गप्प राहत.

भिवराला दर पौर्णिमेला नऊ चांदीची नाणी मिळत. तीही गप्पच होती. फक्त तिच्या नवऱ्याला ती रक्कम ठाऊक होती, कारण घर दोघांचे होते आणि ते नदीच्या इतके जवळ होते की दर पावसाळ्यात पाणी उंबऱ्याला लागे. घराखाली दगडी जोते घालायचे, हे दोघांनी लग्नाच्या वर्षीच ठरवले होते. नऊ नाण्यांत घर चाले. जोते मात्र दरवर्षी पुढच्या वर्षावर जाई.

एकदा भिवराच्या हातून एक चूक झाली. तिची मावशी चार दिवस राहायला आली होती. दोघी डाळ निवडत बसल्या होत्या, दुपार निवांत होती, आणि मावशीने अगदी मायेने विचारले की तुला मिळते तरी किती गं. भिवराने सांगितले. सांगताना तिला बरेच वाटले. आपल्या कष्टाचे माप आपल्या माणसाने जाणावे असे कुणालाही वाटते, आणि त्यात गैर काही नाही.

मावशीने ते मनात ठेवले नाही. तिने ते शेजारणीला अभिमानाने सांगितले. शेजारणीने आपल्या जावेला थोड्या कमी अभिमानाने सांगितले. वरच्या आळीपर्यंत पोचेस्तोवर नऊ नाण्यांची बारा झाली होती. आवडा नदीपलीकडे राहत असल्याने तिच्या कानी मात्र हे गेले नाही. तेलीण मापावर जी पळीभर तेलाची धार सोडत असे, ती तिने बंद केली. देवळाच्या पंचांनी भिवराच्या घराची वर्गणी परस्पर वाढवली. चुलत दिराने मुलीच्या लग्नासाठी उसने मागितले आणि नाही म्हटल्यावर दोन सण तो दारासमोरून मान फिरवून गेला. पाणवठ्यावर एक जण म्हणाली, "अगं, तिला घागर उचलायला लावू नका. चांदीची असेल, जड होईल." सगळ्या हसल्या. भिवराही हसली, पण त्यानंतर ती पाणवठ्यावर लौकर जाऊन लौकर परतू लागली.

नीट पाहिले तर कुणी तिचे फार मोठे नुकसान केले नव्हते. तिच्याविषयीची प्रत्येकाची वागणूक फक्त थोडी थोडी बदलली होती, आणि ती परत पहिल्यासारखी करणे तिच्या हाती उरले नव्हते. भिवराने त्यातून एक निष्कर्ष काढला, की वेतन कुणालाच सांगू नये. निष्कर्ष चुकीचा नव्हता. तो अनुभवापेक्षा मोठा होता, एवढेच.

पाहता पाहता सातवे वर्ष सरत आले. नव्या पुलाची अंबाडी भिजत पडली, आणि ठशांचा दिवस पाच दिवसांवर आला. दुपारी भाकरी खाताना आवडाने जमिनीकडे पाहत विचारले, की या खेपेला कारभाऱ्याकडे किती मागावे असे भिवराला वाटते.

भिवराचा घास हातातच राहिला. आवडाचे लुगडे दोन ठिकाणी शिवलेले होते. तिच्या फडक्यात भाकरी आणि ठेचा याशिवाय कधी काही नसे. आपल्याला इतरांपेक्षा अधिक मिळते हे भिवराला कारभाऱ्यानेच सांगितले होते, आणि त्या इतरांत आवडाही आलीच. आपण नऊ म्हटले तर हिला काय वाटेल? हिला सहा मिळत असतील तर? सात वर्षांपूर्वी एकाच दिवशी लागलेल्या दोघी, एकाच दोराची दोन टोके! उद्या ही समोर उभी राहील, पण तिच्या आवाजात आजची आपुलकी असेल का?

भिवरा एवढेच म्हणाली, "मागायचं काय त्यात? देतील ते घ्यायचं." आणि तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. आवडाने पाणी घेतले आणि विषय तिथेच संपला.

पण भिवराच्या मनातला विषय संपला नाही. आवडा पडद्याआड जाईल, देतील त्यावर ठसा उमटवील आणि पुढची सात वर्षे त्यात अडकेल, हे तिला दिसत होते. आपण फक्त एक आकडा उच्चारला तर कदाचित ती अडकणार नाही, हेही दिसत होते. गप्प राहावे तर मैत्रिणीचे नुकसान, बोलावे तर मैत्रीचेच.

दोरखान्याच्या टोकाला एक वृद्ध पारखी बसत असे. तयार झालेला प्रत्येक दोर त्याच्या तळहातांतून सरकत जाई, आणि कुठे पीळ कमी पडला आहे ते तो डोळे मिटून सांगे. दोरखान्यात त्याला सगळे आजोबा म्हणत. भिवराने नवा दोर त्याच्या पुढ्यात ठेवला आणि मावशीपासून आवडापर्यंतची सारी हकिकत सांगितली. म्हातारा दोर चाचपत ऐकत राहिला.

"मावशीला का सांगितलंस?" त्याने विचारले.

"जवळची होती म्हणून."

"आणि आवडा?"

"तीही जवळचीच आहे. म्हणून तर भीती वाटते."

"म्हणजे जवळची आहे की नाही, यावरून हे ठरत नाही. एवढं तरी सिद्ध झालं." म्हाताऱ्याने दोर हातभर पुढे ओढला. "मावशीनं तुझ्या नऊ नाण्यांचं काय केलं?"

"बारा केली," भिवरा म्हणाली.

म्हातारा हसला. हसणे ओसरल्यावर त्याने विचारले, "आणि आवडाला तो आकडा दिलास, तर ती त्याचं काय करील?"

भिवराने या बाजूने कधी विचार केला नव्हता. आवडाला काय वाटेल याचाच विचार ती इतके दिवस करीत होती. ती म्हणाली, की आवडा तो आकडा घेऊन पडद्याआड जाईल आणि तेवढे मागेल. दुसऱ्या कुणाला सांगत फिरण्याचा तिचा स्वभाव नाही.

"मग मावशीला ते चघळायला मिळालं होतं, आणि हिला ते कामाला येणार आहे. फरक तिथं आहे."

"पण तिला हेवा वाटला तर?"

"वाटेल की. हेवा चार दिवसांत उतरतो, पोरी. ठसा सात वर्षं राहतो." मग त्याने दोराच्या एका जागेवर अंगठा दाबून धरला. "इथं दोन पीळ कमी आहेत. तुझ्याच बाजूला. मन लावून काम कर."

दुसऱ्या दिवशी दुपारी भिवराने भाकरीचे फडके सोडण्याआधीच सांगून टाकले. आवाज साधा ठेवण्याचा प्रयत्न तिने केला. ती म्हणाली, की मला नऊ मिळतात, तू निदान तेवढे तरी माग, आणि हे आधी सांगितले नाही म्हणून माझ्यावर रागावू नकोस.

 आवडाचा चेहरा असा झाला होता की भिवराला वाटले, झाले, मैत्री संपली.

"नऊ?" आवडा म्हणाली.

"नऊ."

"भिवरा, मला अकरा आहेत."

छपराखाली कुठेतरी दुसरी एक जोडी आकडे मोजत होती. ते आकडे दोघींना स्पष्ट ऐकू येत होते.

आवडाने मग हळूहळू सगळे सांगितले. मागच्या वेळी तिच्या थोरल्या दिराने तिला घरून पढवून पाठवले होते, की काहीही सांगितले तरी दोन वाढवून माग. ती घाबरत घाबरत मागून बसली आणि कारभाऱ्याने दिले. वर तुला इतरांपेक्षा अधिक आहे, असेही म्हणाला. तिने त्यावर विश्वास ठेवला. भिवराला वाईट वाटेल म्हणून ती सात वर्षे बोलली नाही. तिच्या घरात खाणारी तोंडे नऊ होती आणि कमावणारी ती एकटी, म्हणून अकरा नाणी असूनही लुगडे शिवलेले होते.

"परवा मी विचारलं ते त्यासाठीच," ती म्हणाली. "म्हटलं, विषय निघाला तर सांगून टाकावं. तू पाण्याचा तांब्या पुढं केलास."

भिवराला हसू यायला हवे होते. पण तिला हसू आले नाही. दरमहा दोन नाणी, वर्षाला चोवीस, सात वर्षांत एकशे अडुसष्ट. मोजण्याची तिला इतकी सवय होती की ती बेरीज आपोआप झाली. तेवढ्यात दगडी जोते झाले असते आणि वर अंगणाला फरशी. आवडाला जे दुःख होऊ नये म्हणून तिने इतके दिवस तोंड बंद ठेवले होते, तेच दुःख आता तिच्या स्वतःच्या छातीत रुतले होते, आणि ते नेमके कसे असते हे तिला तपशिलाने कळत होते.

जेवणानंतर काम पुन्हा सुरू झाले. भिवराने आकडा सांगितला नाही. ती पीळ देत राहिली, जोराजोराने, न मोजता. थोड्याच वेळात दोर तिच्या टोकाला आखडला आणि त्याला एकामागून एक गाठी पडल्या. तीस पावलांचा दोर उकलून पुन्हा वळावा लागणार होता.

आवडाने आपले टोक खुंटीला अडकवले आणि पन्नास पावले चालत ती भिवरापाशी आली. इतक्या वर्षांत कामाच्या वेळी तिने आपली जागा सोडली नव्हती.

"राग माझ्यावर आहे की कारभाऱ्यावर?" तिने विचारले.

"अजून ठरत नाही," भिवरा प्रामाणिकपणे म्हणाली.

"बाई, लौकर ठरव. परवा हात रंगवायचे आहेत."

यावर मात्र भिवराला हसू आले. दोघी खाली बसल्या आणि गाठी सोडवू लागल्या. गाठी सुटेपर्यंत काय करायचे ते ठरले होते.

ठशांच्या दिवशी भिवराचे नाव पुकारले गेले तेव्हा पडद्याआड दोघी शिरल्या. कारभाऱ्याने वर पाहिले आणि सांगितले, की इथे एकेकीने यायचे असते.

"दोर एकेकीला वळता येत नाही," आवडा म्हणाली. "म्हणून जोडीनं आलो."

कारभारी दुष्ट नव्हता. राजाच्या खजिन्यातून त्याला ठरावीक रक्कम मिळे आणि त्यातून जेवढे वाचेल तेवढी त्याची वाहवा होई. आपण कुणावर अन्याय करतो असे त्याला मनापासून कधी वाटले नव्हते. भिवराने त्याला विचारले, की एकाच दोराच्या एका टोकाला नऊ आणि दुसऱ्या टोकाला अकरा, हे कोणत्या हिशोबाने.

"आवडानं मागितलं. तू मागितलं नाहीस," तो शांतपणे म्हणाला. "मी तुला कधी नाही म्हटलंय का?"

"किती मागता येतं हेच मला ठाऊक नव्हतं."

"ते मी कशाला सांगू?"

"तुम्ही नकाच सांगू, कारभारी. तुमचं ते काम नाही. म्हणून तिनं सांगितलं."

कारभाऱ्याने पटाकडे पाहिले, मग बाहेर भिजत पडलेल्या अंबाडीकडे. नदी भरायला तीन महिने उरले होते. मुख्य दोर वळायला अनुभवी जोडी लागते, आणि हाताला हात बसलेली जोडी वर्षांनी तयार होते, हे त्याला पक्के माहीत होते. त्याने तडजोड पुढे ठेवली. दोघींना सारखेच, प्रत्येकी दहा. न्यायही झाला, खजिनाही राखला.

भिवराला क्षणभर मोह झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. दहा हे नऊपेक्षा अधिक होते, आणि ती हो म्हणाली असती तर आवडाने बहुधा मुकाट्याने ठसा उमटवला असता. तिने आवडाकडे पाहिले. आवडा तिच्याकडे पाहत नव्हती. ती गेरूच्या वाटीकडे पाहत होती. तिच्या घरातली नऊ तोंडे भिवराला आठवली. हिने आपला आकडा सांगितलाच नसता तर हिचे एक नाणेही कमी झाले नसते, हेही आठवले.

"तिचं नाणं काढून मला देऊ नका," भिवरा म्हणाली. "तिनं खरं सांगितलं, त्याचा तिला दंड नको. दोघींना अकरा. नाहीतर हात कोरडेच राहतील."

कारभाऱ्याने पुन्हा एकदा बाहेरच्या अंबाडीकडे पाहिले. मग त्याने लेखणी उचलली आणि दोन नावांसमोर एकच आकडा लिहिला. दोन तळहात गेरूत बुडाले आणि पटावर शेजारी शेजारी उमटले.

सवयीप्रमाणे कारभारी पुढे वाकला आणि हलक्या आवाजात म्हणाला, की हे बाहेर कुणाला सांगू नका.

"कुणाला सांगायचं ते आम्ही पाहू," आवडा म्हणाली, आणि हात धुवायला निघून गेली.

त्यांनी खरोखरच पाहिले. पडद्याबाहेर ज्या जोड्या आपल्या नावाची वाट पाहत उभ्या होत्या, त्यांना भिवराने अकरा हा आकडा स्वच्छ शब्दांत सांगितला, कारण तो त्यांना घटकाभरात लागणार होता. त्यांच्यात आधी गडबड उडाली. दोन जोड्यांत तिथल्या तिथे भांडणही झाले. एक जोडी तर महिनाभर एकमेकींशी फक्त आकडेच बोलत होती. पण त्या दिवसापासून पडद्याआड कुणी एकटे गेले नाही, आणि काही दिवसांनी पडदाच काढून टाकला गेला.

पाणवठ्यावर मात्र भिवराने कुणाला काही सांगितले नाही. एकीने हसत हसत फारच खोदून विचारले तेव्हा तीही हसत म्हणाली, "घर चालतं, बाई. अन् घागर अजून मातीचीच आहे." ती उद्धट नव्हती आणि तिने खोटेही काही सांगितले नाही. विचारणारीही हसली आणि बोलणे यंदाच्या आंब्यांकडे वळले.

तिसऱ्या वर्षी भिवराच्या घराचे जोते झाले. काळ्या दगडाचे, गुडघाभर उंच. त्या पावसाळ्यात नदी नेहमीप्रमाणे चढली, दगडाला लागली आणि उतरून गेली. आवडा पाणी पाहायला आली होती. दोघी उंबऱ्यात बसून भाजलेले शेंगदाणे खात होत्या, आणि उघड्या दारातून घराची जमीन कोरडी दिसत होती.

त्या दोरखान्यात पुढे अशी रीतच पडली, की ठसा उमटवण्याआधी जोडीतल्या दोघींनी एकमेकींना आपले वेतन सांगायचे. तेव्हापासून तिथले दोर अधिक टिकू लागले, असेही काही जण सांगतात. त्याला पुरावा नाही. दोर वळणाऱ्या मात्र अधिक टिकल्या, एवढे खरे.

तात्पर्य: आपली कमाई नुसत्या कुतूहलाने विचारणाऱ्याला सांगण्याचे कुणावर बंधन नाही, पण जिचा न्याय त्या आकड्यावर अवलंबून आहे तिच्यापासून ती लपवू नये.